वेष्टनाची मागची बाजू

आमच्या आत्याला मधुमेह आहे आणि चॉकलेट आवडते. या वाक्यातील 'आणि'च्या जागी 'परंतु' हवा, असे बाबांचे मत. आत्या मात्र 'आणि' सोडावयास तयार नाही. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यामुळे उभयान्वयी अव्ययांच्या बाबतीत ती कोणाचे ऐकत नाही. माझ्या आयुष्यातले पहिले चॉकलेट मला तिनेच दिले होते. आता ते तिला आणून देण्याची पाळी माझ्यावर आली आहे आणि त्यातूनच हा लेख जन्मास आला.

गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी बाजारातल्या एका दुकानात गेले आणि बिनसाखरेचे चॉकलेट मागितले. दुकानदारांनी काचेच्या कपाटातून सोनेरी कागदातली एक लांबट वडी काढली व "सक्करि इल्री, तगोळ्री" म्हणून माझ्या पुढ्यात ठेवली. साखर नाही म्हणतात, घेऊन टाका म्हणतात, मग शंका कसली? किंमत नेहमीच्या चॉकलेटच्या अडीचपट होती, पण आत्याचा वाढदिवस म्हणून तीही दिली. साखर नाही म्हटल्यावर आत्याने अर्धी वडी उद्यासाठी ठेवण्याचे कारण उरले नाही. रात्रीच्या जेवणानंतर तिने ती सबंध संपवली. पुढचे वर्णन लांबवीत नाही. रात्रभर तिच्या पोटात ढग गडगडत होते, सकाळपर्यंत चार वेळा उठावे लागले, आणि एवढे सोसून घरच्या मापनयंत्रावरील रक्तातल्या साखरेचा आकडा रोजच्यापेक्षा चढाच होता.

"साखर नव्हती म्हणालीस न्हवं त्यात? मग हे काय?" आत्याने विचारले. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात या प्रश्नाचे उत्तर नाही. ते मला त्या सोनेरी कागदाच्या मागच्या बाजूस, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत सापडले. आणि एक कागद वाचला म्हणून दुसरा वाचला, असे करीत माझ्याकडे आता चाळीसेक वेष्टने जमली आहेत. मैत्रिणी पोस्टाची तिकिटे जमवल्यासारखे हसतात. हसोत.

साखर चॉकलेटात केवळ गोडीसाठी असते, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी आहे. नेहमीच्या दुधी चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये साधारणपणे ५० ते ५८ ग्रॅम साखर असते. म्हणजे आपण जिला चॉकलेटची वडी म्हणतो ती वजनाने निम्मी किंवा त्याहून अधिक साखरेचीच वडी होय. भिंतीत विटा जे काम करतात ते चॉकलेटात साखर करते. ती काढून घेतली तर तेवढी जागा कशाने तरी भरावी लागते. स्टेव्हियाच्या पानांतून काढलेला गोडवा साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो, त्यामुळे गोडीपुरती त्याची चिमूट पुरते. पण ५० ग्रॅम विटा काढून त्या जागी चिमूटभर रांगोळी ठेवली तर भिंत उभी राहील काय?

म्हणून कारखानदार साखरेइतकीच जागा व्यापणारा आणि जवळजवळ तितकाच गोड असा पदार्थ शोधतात. अशा पदार्थांच्या एका कुळाला पॉलिऑल म्हणतात. त्यांपैकी चॉकलेटात बहुधा माल्टिटॉल असतो. तो साखरेच्या सुमारे ९० टक्के गोड असून रंगारूपाने आणि वागणुकीने साखरेची सख्खी बहीण शोभावी असा आहे. परंतु बहीणच ती! साखरेच्या एका ग्रॅमपासून ४ कॅलरी मिळतात, माल्टिटॉलच्या ग्रॅमपासून २ च्या किंचित वर. शून्य नव्हे. त्याचा काही भाग लहान आतड्यात पचतो, त्याचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात जाते. साखरेपेक्षा कमी आणि सावकाश, पण जाते. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे पाणी ओढून घेतो आणि तिथले जिवाणू त्याला आंबवू लागतात. आत्याच्या दोन्ही तक्रारींचा उगम असा एकाच पदार्थात होता. त्या सोनेरी कागदावर, घटकांच्या खाली, 'पॉलिऑल्स मे हॅव लॅक्सेटिव्ह इफेक्ट' असे एक वाक्यही होते. पॉलिऑलमुळे पोट सुटू शकते, असा त्याचा सरळ अर्थ. छापणाऱ्याने छापले होते. वाचणारीने वाचले नव्हते.

याच कुळातला एरिथ्रिटॉल पोटाला पुष्कळ सोसतो. तो बव्हंशी तसाच शोषला जाऊन लघवीवाटे बाहेर पडतो आणि त्यापासून कॅलरी जवळजवळ मिळतच नाहीत. मात्र तो जिभेवर विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्यामुळे पेपरमिंट खाल्ल्यासारखा गारवा वाटतो. पेपरमिंटात तो छान. चॉकलेटात मला तरी चमत्कारिक वाटला. आणि एक गोष्ट या साऱ्यांनाच लागू आहे. साखर गेली तरी कोकोतली स्निग्धता जात नाही. बिनसाखरेच्या चॉकलेटची कॅलरी साध्या चॉकलेटपेक्षा थोडीच कमी असते, हे वजनाच्या काट्याला घाबरणाऱ्यांनी जाणून असावे.

आता कायद्याकडे वळू, कारण या विषयातली खरी गंमत मला तिथे आढळली. पुढच्या बाजूला वाटेल ते छापता येत नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसेल तरच 'लो शुगर' म्हणता येते आणि अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक नसेल तरच 'शुगर फ्री'. ऐकायला हे उत्तम आहे. पण चॉकलेटच्या बाबतीत त्याचा परिणाम काय होतो ते पाहा.

काळ्या चॉकलेटवर ५५ टक्के, ७० टक्के, ८५ टक्के असे आकडे असतात. तो आकडा कोकोच्या बियांपासून आलेल्या एकूण भागाचा, म्हणजे कोकोची भुकटी आणि कोकोची स्निग्धता या दोहोंचा मिळून असतो. साध्या काळ्या चॉकलेटात उरलेला भाग जवळजवळ सगळा साखरेचा. तेव्हा शंभरातून वजा केले की झाले: ७० टक्क्यांच्या चॉकलेटात १०० ग्रॅमला सुमारे ३० ग्रॅम साखर, ८५ टक्क्यांच्यात सुमारे १५. दुधी चॉकलेटच्या ५५ शी तुलना केली तर ही केवढी घट! तरीही यांपैकी कोणालाही स्वतःला 'लो शुगर' म्हणवून घेता येत नाही. ५ ग्रॅमच्या आत यायचे तर ९५ टक्क्यांच्या वर जावे लागते. ते मी एकदा खाऊन पाहिले आहे. आजीच्या किराईत्याच्या काढ्याची आठवण झाली, फरक इतकाच की काढ्याचे पैसे द्यावे लागत नसत.

याचा अर्थ असा की, दुकानात जाऊन 'कमी साखरेचे' म्हणून मागितले तर जे हाती येईल ते जवळजवळ नेहमी साखरेच्या बहिणींनी भरलेले असणार; आणि ज्यात खरोखरच चॉकलेट अधिक व साखर कमी, ते बिचारे त्या शब्दांविना खालच्या फळीवर बसलेले असणार. यात कायद्याची चूक आहे असे मी म्हणत नाही. त्याला सगळ्या खाद्यपदार्थांना एकच गज लावावा लागतो आणि तो गज १०० ग्रॅमचा आहे. पण आपण चॉकलेट १०० ग्रॅम खातो का? १० ग्रॅमचा तुकडा घेतला तर ८५ टक्क्यांच्यातून दीड ग्रॅम साखर पोटात जाते, ७० टक्क्यांच्यातून ३ ग्रॅम, दुधी चॉकलेटातून साडेपाच. चहाचा सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा धरला तर ७० टक्क्यांचा तुकडा एका चमच्याच्याही आत राहतो. तेव्हा विचारावयाचा प्रश्न 'शंभरात किती' हा नसून 'मी खाईन तेवढ्यात किती' हा आहे. आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे, 'तेवढ्यावर माझे भागेल का?' त्याकडे मी पुढे येते.

आधी मागची बाजू वाचण्याविषयी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिले नाव साखरेचे असेल तर त्या वेष्टनात सर्वांत जास्त साखर आहे, मग पुढच्या बाजूला कोकोच्या शेंगांचे कितीही सुंदर चित्र असो. येथे एक युक्ती संभवते. एकच साखर तीन रूपांत घातली, थोडी साखर, थोडे लिक्विड ग्लुकोज, थोडे इन्व्हर्ट सिरप, तर प्रत्येकीचे वजन कमी भरते आणि प्रत्येक जण यादीत खाली सरकते. आम्हांला हिशेबतपासणीत शिकवतात की एकच खर्च तीन खात्यांत विभागलेला दिसला तर बेरीज करून पाहावी. तेच येथे करावे. माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा आणखी एक पाहुणा असतो. तो पिष्टापासून बनतो, साखरेच्या रकान्यात मोजला जात नाही, पण रक्तातले ग्लुकोज मात्र झपाट्याने वाढवतो. आत्यासारख्यांनी त्याचे नाव पाठ करून ठेवावे.

यादीशेजारच्या तक्त्यात 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' असे दोन आकडे असतात. पहिल्यात दुधाची स्वतःची साखरही धरलेली असते. दुसऱ्यात वरून घातलेलीच. २०२० च्या नियमांनुसार एका खेपेला खाल्ल्या जाणाऱ्या भागातून दिवसाच्या मर्यादेचा किती टक्के वाटा येतो तेही द्यावे लागते आणि त्यासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमची मर्यादा अधिक हितकर ठरेल असे सुचवले होते. तेव्हा छापलेले टक्के मी मनातल्या मनात दुप्पट करते. शिवाय 'एका खेपेचा भाग' कारखानदारच ठरवतो. ४० ग्रॅमच्या वडीवर तो १० ग्रॅम लिहितो आणि आपण ४० ग्रॅम खाऊन मोकळे होतो.

मागची बाजू वाचून काही फरक पडतो का, असे कोणी विचारील. चॉकलेटच्या चवीच्या दुधात घालावयाच्या पावडरींचे उदाहरण ताजे आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये बोर्नव्हिटातील साखरेवर टीका करणारी एक छोटी चित्रफीत समाजमाध्यमांतून देशभर पसरली. कंपनीने नोटीस दिली, चित्रफीत काढून घेतली गेली. परंतु तोवर लोकांनी आपापल्या घरातले डबे उलटे करून वाचले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण १०० ग्रॅमला ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ वर आणल्याचे जाहीर झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात न दाखवण्याची सूचना दिली. ३२ ग्रॅम म्हणजे अजूनही जवळजवळ एक तृतीयांश, हे ओघाने आलेच.

कारखाने साखरेवर इतके का विसंबतात, याचे उत्तर मात्र आमच्या शाखेच्या हद्दीत येते. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांत कोकोचे पीक बुडाले आणि जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. म्हणजे किलोला ८०० रुपयांहून अधिक. त्याच वेळी आपल्याकडे साखर ४०-४५ रुपये किलो होती. एका किलो कोकोच्या किमतीत वीस किलोच्या आसपास साखर येत असेल तर वडीत काय जास्त पडणार, हे सांगावयास अर्थशास्त्राचे प्राध्यापक नकोत. पुढे २०२५ मध्ये कोको बराच उतरला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला, त्यामुळे जरा बरे कोको असलेली वडी घेणे पूर्वीइतके जिवावर येत नाही. उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या आणि साखर संशोधनाची संस्था गावात असलेल्या बेळगावच्या मुलीने साखरेविरुद्ध लिहावे, हे घरचे मीठ खाऊन केलेले पाप आहे असे आमचे एक काका म्हणतात. त्यांना एवढेच सांगेन की कोकोही परका नाही. आपल्याच राज्यात पुत्तूर येथे कॅम्पको या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. तिच्याविषयी आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागात कोणी सविस्तर लिहिले तर मी आवडीने वाचीन.

आता 'तेवढ्यावर भागेल का?' या प्रश्नाकडे. चॉकलेट खाल्ल्याचे समाधान साखरेतून येते तितकेच, किंबहुना अधिक, कोको बटर नावाच्या स्निग्धतेतून येते. हिचा वितळण्याचा बिंदू ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. बाहेर, निदान हिवाळ्यात तरी, ती घट्ट असते. तोंडात ३७ अंशांची ऊब मिळताच एकदम विरघळते आणि त्याबरोबर कोकोचा वास नाकात चढतो. हा क्षणच खरे चॉकलेट. स्वस्त प्रकारांत कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल घट्ट करून वापरतात. त्याला बेकरीवाले 'कंपाउंड' म्हणतात. ते बाजारात उन्हाने वितळत नाही म्हणून दुकानदारांना सोयीचे, पण ते तोंडातही नीट वितळत नाही. टाळूला मेणाचा थर बसतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी जीभ पुढचा तुकडा मागते. घटकांत 'कोको बटर' आहे की 'हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट', एवढे पाहिले तरी अर्धी निवड झाली.

दुसरे म्हणजे खाण्याची रीत. फ्रिजमधून काढल्या काढल्या कडाकडा चावून खाल्लेले चॉकलेट फुकट जाते. थंडपणात वासही कळत नाही आणि गोडीही. अर्धा तास बाहेर ठेवावे, तुकडा जिभेवर ठेवून दात आवरावेत. आणि ते जेवणानंतर खावे. दुपारी चारला रिकाम्या पोटी चॉकलेट हाती घेतले तर आपण चॉकलेट खात नसतो, भूक भागवत असतो, आणि भुकेला १० ग्रॅम कसे पुरणार? वडीवर पांढुरकी झाक दिसली तर बुरशी समजून फेकू नये. एकदा वितळून पुन्हा थिजल्यावर आतली स्निग्धता वर येऊन असे होते. चव थोडी उतरते इतकेच.

वसतिगृहातल्या आम्ही सहा जणींनी एका रविवारी डोळे बांधून पाच प्रकार चाखले. सहा जणींचा कौल म्हणजे संशोधन नव्हे, पण मजा आली. माल्टिटॉलचे चॉकलेट कोणालाही ओळखता आले नाही, दोघींना तर तेच सर्वोत्तम वाटले. याचाच अर्थ ते हातून सुटत नाही आणि धोका तिथेच आहे. ८५ टक्क्यांच्या तुकड्याला चौघींनी तोंडे वाकडी केली. ७० टक्क्यांचा नुसता तुकडा तिघींना कडू लागला. पण त्याच ७० टक्क्यांत भाजलेले शेंगदाणे आणि मिठाचे चार कण घालून दिले तेव्हा सहाही जणींनी दुसरा तुकडा मागितला. आणि विशेष म्हणजे तिसरा कोणीच मागितला नाही. मिठामुळे कडवटपणा दबतो, दाण्यांमुळे दातांना काम मिळते, आणि चावायला लागले की खाणे आपोआप सावकाश होते. एकदम ७० वर उडी मारण्याचीही गरज नाही. पंधरा-वीस दिवस ५५ टक्क्यांचे खावे, मग वर चढावे. जिभेला सवय लागते, इतकी की नंतर दुधी चॉकलेट खाल्ल्यावर पाणी मागावे लागते.

ते दाण्यांचे चॉकलेट घरी करण्यासारखे आहे. ७० टक्क्यांच्या चॉकलेटचे १०० ग्रॅम तुकडे एका कोरड्या वाटीत घ्यावेत आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून हलके वितळवावे. पाण्याचा एक थेंबही आत पडू देऊ नये. पडला तर चॉकलेट गुठळ्या धरते आणि सुधारत नाही. माझे पहिले असेच वाया गेले. त्यात खमंग भाजून सोललेले १५० ग्रॅम शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ घालून ढवळावे, तूप लावलेल्या ताटात चमच्याचमच्याने २५ ढीग घालावेत व थिजू द्यावेत. ढीग १० ग्रॅमचा होतो. त्यात चॉकलेट ४ ग्रॅम, म्हणून वरून घातलेली साखर सव्वा ग्रॅमच्या आत. दाण्यांची स्वतःची थोडी असते ती वेगळी. समजा, चॉकलेट २०० रुपयांचे आणि दाणे २५ चे, तर नगाला ९ रुपये पडतात. कॅलरी मात्र साठाच्या घरात, हे विसरू नये. आणि गंमत अशी की १०० ग्रॅमचा गज लावला तर यात १२ ग्रॅम साखर भरते, म्हणून हेही मला 'लो शुगर' म्हणून विकता येणार नाही! नुसत्या दाण्यांऐवजी निम्मे फुटाणे घालूनही करून पाहिले. कुरकुरीत होते, पण दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

पेय हवे असेल तर 'ड्रिंकिंग चॉकलेट' न घेता नुसती कोकोची पावडर घ्यावी. पहिल्यात बव्हंशी साखरच असते, दुसरीत साखर घातलेलीच नसते. कपभर दुधाला कोकोचा एक चमचा, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर कॉफी. कॉफीची चव लागत नाही, पण कोकोची गडद होते. साखर एक चमचा पुरते. दालचिनी आणि वेलची यांचा गोड वास गोडीचा भास पुरवतो.

राहता राहिला गूळ. 'नो ॲडेड शुगर' असे मिरवणाऱ्या खजूर-कोकोच्या वड्या आणि 'साखर नाही, गूळ घातला आहे' म्हणून मिळणारे चॉकलेटचे लाडू सध्या फार झाले आहेत. खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते, मधात तर पाचांत चार भाग. गुळाचे तेच. गोकाकचा करदंट मला प्राणप्रिय आहे आणि त्यातला डिंक व सुका मेवा यांची थोरवी मी कबूल करते. पण आत्याच्या मापनयंत्राला ऊस कारखान्यात गेला की गुऱ्हाळात, हे कळत नाही.

आत्याच्या डॉक्टरांना हा सारा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी दिवसाआड जेवणानंतर एक, अशी परवानगी दिली आणि डब्यातला एक स्वतः खाल्ला. आता दर पंधरवड्याला मी पंचवीस ढीग करते. आत्याने डब्याच्या झाकणाला एक कागद चिकटवला असून त्यावर तारीखवार खुणा करते. परवा मोजून पाहिले तर खुणा सात होत्या आणि डब्यातून गेलेले ढीग अकरा. विचारले तर म्हणाली, "चार तुझ्या बाबांनी खाल्ले की गं."